भिंतीपलीकडचा वर्ग

अदेमार इरिगाराय हा माणूस हसत नाही, असं आमच्या दुरास्नो गावात सगळे म्हणायचे. ते तितकंसं खरं नव्हतं. क्लबात पत्त्यांचा डाव जिंकला की तो हसायचा. नेलिदाने रविवारी केक केला की हसायचा. हसत नसे तो फक्त वर्गात. उंच, वाळका, खांद्यात किंचित वाकलेला. अंगातला पांढरा कोट इतक्या कडक इस्त्रीचा की खिशात ठेवलेला खडू मोडेल असं वाटावं. गावातल्या हायस्कुलात तो पदार्थविज्ञान शिकवायचा. शिकवायचा म्हणजे फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात तारीख, मधोमध शीर्षक, खाली सूत्र, त्याखाली उदाहरण. आणि घंटा होते न होते तोच फळा उजव्या कोपऱ्यापर्यंत भरलेला असायचा. गावातले दोन डॉक्टर आणि वीज कंपनीचा साहेब त्याच्याच हाताखालून गेले होते. रस्त्यात दिसला की ते मोटारसायकल हळू करून मान लववायचे. "सर कडक होते, पण पक्कं शिकवलं," एवढं एक वाक्य त्याच्याबद्दल गावात फिरायचं आणि त्याला ते पुरायचं. दुसऱ्या कुणाबद्दल याहून चांगलं वाक्य कानावर येईपर्यंत पुरलं.

नेलिदा त्याची बायको. लग्नाआधीपासून ती त्याच शाळेच्या प्रयोगशाळेत मांडामांडीचं काम करायची. तास सुरू होण्याआधी टेबलांवर बॅटऱ्या, तारा, मीटर लावून ठेवायचे, तास चालू असताना मागे बेसिनपाशी उभं राहायचं आणि सरांनी बोट वर केलं की हवी ती वस्तू नेऊन द्यायची. अदेमारला बोलून काही मागावं लागत नसे. तो बोट वर करायचा, हातात मीटर यायचा. याच बोटातून त्यांचं जमलं असं शाळेतले जुने लोक सांगत.

मुलगी राजधानीत, माँतेविदेओला शिकायला गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा नेलिदाने ठरवलं की आपण शिक्षिका व्हायचं. शेजारच्या जिल्ह्यातल्या शिक्षक महाविद्यालयात ती बसने जाऊ-येऊ लागली. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर अदेमार तिला गणितं समजावून द्यायचा. मध्ये 'माते'चा, म्हणजे आमच्याकडच्या कडवट पानांच्या चहाचा, पेला या हातातून त्या हातात जायचा. एक पेला, एक नळी, दोघांचं पिणं. क्लबात पत्ते पिसताना तो आपणहून विषय काढायचा.

"बायको शिकतेय माझी. परवा विद्युतक्षेत्राचा पेपर झाला. पहिली आली."

"तूच शिकवलंस ना?" कुणीतरी म्हणायचं.

"नाही बाबा. तिचं तिने केलं," असं तो म्हणायचा, पण अशा स्वरात की ऐकणाऱ्याने उलटं समजावं.

तो अभिमान खरा होता. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून कुणाला तसं वाटणार नाही.

नेलिदा पास झाली आणि तिला त्याच शाळेत तास मिळाले. आमच्याकडे वर्षाच्या सुरुवातीला शिक्षक सेवाज्येष्ठतेने आपापले वर्ग निवडतात. अदेमारने नेहमीप्रमाणे सगळ्यांत आधी निवडले, सकाळचे, शहाण्या मुलांचे. नेलिदाला उरलेले मिळाले, त्यात एक वर्ग असा की आधीच्या दोन शिक्षकांनी त्याला हात जोडले होते. तिची प्रयोगशाळा आणि त्याची वर्गखोली यांच्यामध्ये एकच पातळ भिंत होती.

"पहिल्याच दिवशी आवाज चढव," त्याने सल्ला दिला. "नंतर उतरवता येतो. उलटं जमत नाही."

"बघते," ती म्हणाली.

तिने आवाज चढवला नाही. महिनाभरात भिंतीपलीकडून हसणं ऐकू यायला लागलं. टिंगलीचं हसू कोणतं हे शिक्षकाला लगेच कळतं. हे तसलं नव्हतं. काहीतरी अनपेक्षित घडलं आणि सगळ्यांना एकदम मजा वाटली, असलं हसू. मग खुर्च्या सरकण्याचा आवाज, मग एकाच वेळी चार-पाच जणांचं बोलणं, मग नेलिदाचा शांत आवाज, आणि पुन्हा हसू. अदेमारचा खडू फळ्यावर थांबायचा. तो मागे वळला की त्याची शहाणी मुलंसुद्धा भिंतीकडे कान लावून बसलेली दिसायची.

"इकडे लक्ष द्या," तो म्हणायचा, आणि स्वतःच द्यायचा नाही.

पुढे गोष्टी कानावर यायला लागल्या. बेकरीवाली सुट्टे पैसे मोजता मोजता म्हणाली, "सर, तुमच्या बाईंनी आमच्या पोरावर काय जादू केली हो? घरी येऊन रेडिओ उघडून बसतो." शिक्षकांच्या खोलीत मुख्याध्यापिका सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अदेमार, काल दोन आया आल्या होत्या. मुलाला नेलिदाबाईंच्या वर्गात घाला म्हणत होत्या. तुझ्या वर्गातून काढून, बरं का. घरातच स्पर्धा निघाली की तुला." सगळे हसले. तोही हसला. त्या दुपारी घरी जेवताना त्याला सूप खारट लागलं, मांस वातड लागलं, आणि खिडकीची कडी कितीदा सांगूनही कुणी दुरुस्त करत नाही असंही लागलं.

"काय झालंय?" नेलिदाने विचारलं.

"कुठे काय?"

काय झालंय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. भांडी घासताना, दाढी करताना, बाजारातून येताना एकच वाक्य त्याच्या डोक्यात फिरत असायचं: ही माझ्या बोटावर चालायची. वाक्य मनात आलं की त्याला स्वतःची किळस यायची, आणि किळस ओसरली की वाक्य तिथेच असायचं.

त्या वर्षी कपॅसिटरचा धडा आला. कपॅसिटर म्हणजे वीज साठवून ठेवणारी छोटीशी डबी, दोन पाय असलेली. अशा डब्या एकामागून एक जोडल्या तर ती एकसर जोडणी. शेजारी शेजारी, सगळ्यांचं एक टोक इकडे आणि एक टोक तिकडे, अशा जोडल्या तर समांतर. एकसर जोडणीत साठवण घटते, समांतर जोडणीत वाढते. विद्युतरोधांच्या बाबतीत मुलं नेमकं उलटं शिकून आलेली असतात, म्हणून दरवर्षी घोळ होतो. अदेमारचा उपाय सोपा होता: दोन्ही सूत्रं फळ्यावर चौकटीत, आणि "पाठ करा."

एका दुपारी, गाव झोपलेलं असताना, नेलिदाने शाळेतला पॉवर सप्लाय घरी आणून स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडला. तीन निळे कपॅसिटर आणि मोटारसायकलचा एक जुना बल्ब.

"झडप लाव ना खिडकीची," ती म्हणाली. "आता बघ. तिघं एकामागून एक."

तिने डब्या भरून घेतल्या, सप्लाय काढला आणि तारा बल्बला लावल्या. बल्बाची तार क्षणभर लालसर झाली आणि विझली. निखाऱ्यावर फुंकर मारावी तसं.

"आता तेच तीन, तेवढेच व्होल्ट, पण शेजारी शेजारी."

या वेळी भिंत पांढरीशुभ्र झाली. टांगलेल्या पातेल्यांच्या बुडांवर उजेड नाचून गेला. नेलिदा स्वतःच हसली. "छत्तीस व्होल्ट लागतात. बारावर एवढं दिसत नाही. पण छत्तीसवर शेवटच्या बाकावरचा झोपाळूसुद्धा उठून बसेल."

अदेमार उभाच होता. इतकी वर्षं त्याने हा धडा शिकवला होता. सूत्र झोपेत लिहिलं असतं. पण त्या सूत्राने भिंत पांढरी होते हे त्याने आज पहिल्यांदा पाहिलं होतं, आणि ते दाखवणारी बाई एके काळी त्याच्या वर्गात बेसिनपाशी उभी असायची.

"सूत्र कधी देणार?" त्याने विचारलं.

"विचारतील तेव्हा."

"आणि नाही विचारलं तर?"

"विचारतात रे," ती तारा गुंडाळत म्हणाली.

तिने ते सहज म्हटलं होतं. त्याला ते दिवसभर खुपत राहिलं. त्याच्या वर्गात कुणी विचारत नसे.

त्यातच माँतेविदेओहून इन्स्पेक्टर येणार असं कळलं. बेंतांकोर नावाचा, जाड चष्म्याचा, फार न बोलणारा गृहस्थ. नव्या शिक्षकांचा एक तास तो बघायचा आणि त्यावरून गुण द्यायचा. त्या गुणांवर पुढच्या वर्षीच्या निवडीत कितवा नंबर लागायचा ते ठरायचं. बऱ्याच वर्षांपूर्वी तो अदेमारच्या वर्गातही बसला होता आणि जाताना "नीटनेटकं," एवढंच म्हणून गेला होता. नेलिदाने त्याला दाखवायला कपॅसिटरचाच तास ठेवला.

तासाच्या आदल्या दिवशी मुलांनी तालीम करताना एका कपॅसिटरचा पाय वाकवून वाकवून तोडला. सकाळी शाळेत येता येता नेलिदाने तितोच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून त्याच क्षमतेचा दुसरा घेतला आणि बसवून टाकला.

अदेमार प्रयोगशाळेत गेला तो फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास आणायला. टेबलावर मांडणी तयार होती. मांडणी दिसली की ती डोळ्यांनी तपासून पाहायची, ही त्याची जुनी सवय. त्याला न पाहता पुढे जाताच येत नसे. पहिली डबी निळी: साठवण चारशे सत्तर, खाली झेपणारे व्होल्ट, पन्नास. दुसरी निळी: चारशे सत्तर, पन्नास. तिसरी काळी: चारशे सत्तर, आणि खाली अगदी बारीक अक्षरात, सोळा.

त्याने सप्लायकडे पाहिलं. काटा छत्तीसवर लावून ठेवलेला होता.

यात हिशेब करण्यासारखं काही नव्हतं. एकसर जोडणीत छत्तीस तिघांत वाटले जातील, प्रत्येकाला बारा, काळ्या डबीला काही होणार नाही. पण समांतर जोडणीत वाटणी नाही. तिथे प्रत्येकावर सगळेच्या सगळे छत्तीस. सोळा झेपणाऱ्या डबीवर छत्तीस. आधी ती तापेल, मग फुगेल, मग फुटेल.

तो हात पुढे करणार तेवढ्यात नेलिदा दारात आली. केस नीट बांधलेले, नवा कोट, गालांवर घाईची लाली. मागून व्हरांड्यात मुख्याध्यापिकांचा आणि इन्स्पेक्टरचा आवाज येत होता.

"काय रे, काही हवं होतं?"

"कंपास."

"घे की." मग टेबलाकडे बघून ती म्हणाली, "ठीक दिसतंय ना सगळं?"

तिने विचारलं होतं. थेट विचारलं होतं. पुढे कित्येक दिवस तो स्वतःला सांगायचा प्रयत्न करत होता की तिने तसंच बोलायचं म्हणून म्हटलं. पण तिने विचारलं होतं.

"तू बघितलंयस ना?" तो म्हणाला.

"हो, बघितलंय."

"मग झालं तर."

कंपास खांद्यावर टाकून तो आपल्या वर्गात गेला. तिने स्वतःच म्हटलं की बघितलंय, हे त्याने स्वतःला समजावलं. कदाचित ती ऐन वेळी व्होल्ट कमी करेल. आणि तिला सगळं येतं ना? मग येऊ दे. हे शेवटचं त्याने शब्दांत मनात आणलं नाही, पण ते तिथे होतं.

त्याने वर्तुळ काढलं, स्पर्शिका काढली. भिंतीपलीकडे आधी "ओ" असा हलका आवाज झाला. म्हणजे एकसर जोडणी, लालसर चमक. कुणीतरी काहीतरी विचारलं. नेलिदाने उत्तर दिलं. मग शांतता. जोडणी बदलत असणार. शांतता लांबली. आणि मग फटाका उशीखाली फुटावा तसा आवाज झाला, पाठोपाठ मुलींची किंकाळी आणि खुर्च्या पडण्याचा आवाज.

त्या क्षणी अदेमारला जे वाटलं ते त्याने नंतर फक्त एकाच माणसाला सांगितलं. त्याला बरं वाटलं. काळजी नाही, भीती नाही. स्वच्छ, मोकळं बरं वाटलं. ते श्वासभरच टिकलं. पण होतं.

"सर, बाईंच्या वर्गात काहीतरी फुटलं," पुढच्या बाकावरचा मुलगा म्हणाला.

अदेमारने खडू डबीत ठेवला, हात झटकले आणि मग तो धावला.

प्रयोगशाळेत पांढरा धूर आणि सडक्या माशासारखा वास भरला होता. काळ्या डबीचं टोपण छताच्या दिव्यात जाऊन अडकलं होतं आणि आतल्या कागदाचे कपटे कार्निवलनंतर रस्त्यावर पडतात तसे सगळीकडे पडले होते, इन्स्पेक्टरच्या खांद्यांवरही. यानिना नावाची मुलगी टेबलाच्या अगदी जवळ वाकून उभी होती. डबी फुगताना दिसताच नेलिदाने तिला हाताने मागे ढकललं होतं, आणि आतला उकळता रस त्याच हातावर उडाला होता. मनगट लालबुंद झालं होतं. बेंतांकोरने स्वतः सप्लाय बंद केला.

"आज इथेच थांबू, बाई," तो म्हणाला. "आधी हात पाण्याखाली धरा."

नळ अदेमारने सोडला. ती बेसिनपाशी उभी, आणि तो तिचा हात धरून. 

त्या संध्याकाळी तिने स्वतःच काळी डबी कशी होती ते सांगितलं. "फक्त चारशे सत्तर वाचलं मी. खालचं वाचलंच नाही. इतकी वर्षं तुझ्याकडे काम केलं आणि हे विसरले." मग पट्टी बांधणाऱ्या त्याच्या हाताकडे बघत ती म्हणाली, "तू मांडणी केली असतीस तर असं झालं नसतं."

त्याने पट्टीची गाठ मारली आणि कात्री शोधायला उठला.

त्याला वाटलं होतं की आता सगळं शांत होईल. तिचा वर्ग थोडा उतरेल, आपला थोडा चढेल. झालं भलतंच. दुसऱ्या दिवशी पाऊस होता, आणि पावसात तिच्या वर्गातली पोरं घरी आली. कुणाच्या आईने तळलेल्या गरम पुऱ्या पाठवल्या होत्या, कुणी कोरफडीचा गर आणला होता, यानिनाने अंगणातली जास्वंदी. दहा-बारा भिजलेली पोरं स्वयंपाकघरात दाटीवाटीने उभी राहून डबी कशी उडाली ते हातवारे करत सांगत होती आणि नेलिदा पट्टी बांधलेला हात छातीशी धरून हसत होती. अदेमार दारात उभा होता. कुणीतरी "सर, घ्या ना," म्हणून पुरी पुढे केली. ती हातात धरून तो तिच्या पट्टीकडे बघत राहिला. त्या भाजलेल्या हाताचासुद्धा त्याला हेवा वाटला. आपला कपाळमोक्ष झाला असता तरी इतक्या पुऱ्या आल्या नसत्या, असा विचार त्याच्या मनात आला, आणि तेव्हा तो पहिल्यांदा स्वतःला घाबरला.

इन्स्पेक्टरने गुण कमी दिले. "कल्पना चांगली, काळजी कमी," असं तो म्हणून गेला. नेलिदाने ते मान्य केलं आणि पुढच्या आठवड्यात फुटलेली डबी वर्गात टेबलावर ठेवली. ही का फुटली ते आज तुम्ही शोधा, म्हणाली. योगायोग असा की प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली अदेमारच्या खिशात राहिली होती. ती द्यायला तो आला तेव्हा वर्ग रंगात आला होता. यानिनाने फळ्यावर तीन डब्या काढल्या होत्या, एकामागून एक, आणि प्रत्येकीखाली बारा लिहिलं होतं. बाजूला शेजारी शेजारी काढल्या होत्या आणि प्रत्येकीखाली छत्तीस.

"इथे वाटणी नाही," ती सांगत होती. "इथे ज्याचं त्याने सगळंच सोसायचं. आणि हिला सोळाच झेपत होतं." मग ती थांबली. "पण बाई, हे तर डबीवरच लिहिलं होतं. कुणीही नुसतं वाचलं असतं तरी कळलं असतं."

"बरोबर," नेलिदा म्हणाली. "मी वाचायला हवं होतं."

"मी वाचलं होतं," अदेमार म्हणाला.

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

"मी त्या सकाळी आलो होतो. सोळा वाचलं, काटा छत्तीसवर आहे हेही पाहिलं. काय होणार ते मला कळलं होतं. बाईंनी मला विचारलं, सगळं ठीक आहे ना. आणि मी सांगितलं नाही."

 नेलिदाचा चेहरा आधी कोरा झाला, मग पांढरा.  तिने पुढे येऊन त्याच्या हातातली किल्ली घेतली आणि वर्गाकडे वळली.

"यानिना, तिघांची मिळून साठवण किती झाली ते लिहायचं राहिलं तुझं."

 दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर 'माते'चे दोन पेले होते, दोन नळ्या. तिने आपला भरून घेतला आणि त्याच्यापुढे गरम पाण्याचा थर्मास सरकवला. ज्याला आमच्याकडचं घर ठाऊक आहे त्याला कळेल की याहून मोठं भांडण होत नाही.

बरेच दिवस असे गेले. एका सकाळी तिनेच विचारलं. "का?"

"तुझ्या वर्गात हसतात," तो म्हणाला. "भिंतीतून ऐकू येतं मला."

"म्हणून?"

"म्हणून. आणि तो आवाज झाला तेव्हा मला बरं वाटलं. तेही सांगून टाकतो."

नेलिदाने पेला खाली ठेवला. "अदेमार, मी वीसएक वर्षं तुझ्या वर्गात मागे उभी राहिले. तू चुकीचं उदाहरण घ्यायचास तेही मला कळायचं. पोरं कुठे अडकलीत तेही दिसायचं. मला वाटायचं, तो खडू एकदा माझ्या हातात द्यावा या माणसाने. तुला काय वाटतं, मला हेवा वाटत नव्हता? रोज वाटायचा. पण तुझी एक तरी तार मी उलटी जोडली का? एक तरी?"

"नाही."

"यानिना टेबलावर वाकली होती. तिच्या डोळ्यांत गेलं असतं."

अदेमारने आपला पेला बाजूला सारला. 

मग त्याने एक गोष्ट केली, जी त्याच्या स्वभावात बसणारी होती. कोट घातला, बस पकडली आणि तो माँतेविदेओला बेंतांकोरच्या कचेरीत गेला. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं आणि म्हणाला, "चूक माझी आहे. तिचे गुण वाढवा."

बेंतांकोरने चष्मा पुसला. "इरिगाराय, बटण त्यांनी दाबलं. वर्ग त्यांचा होता. गुण तेच राहतील. आणि तुमच्याबद्दल मी काय लिहू? नवऱ्याने गप्प बसण्याला आमच्याकडे रकाना नाही." थोडं थांबून तो म्हणाला, "घरी जा. इथे येऊन तुमचं मन हलकं होणार असेल तर ते काम माझं नाही."

तो परत आला तेव्हा नेलिदा अंगणात कपडे वाळत घालत होती. कुठे गेला होतास, तिने विचारलं. त्याने सांगितलं. काय म्हणाला, तिने विचारलं. त्याने तेही सांगितलं, रकान्यासकट. तिला हसू आलं, ते तिने उशीच्या अभ्र्यामागे लपवलं, पण त्याला दिसलं. त्या आठवड्यात कधीतरी दुसरा पेला फडताळात गेला. कुणी काढला ते दोघांनी कधी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी कपॅसिटरचा धडा आला तेव्हा ती त्याच्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. "चल," म्हणाली. आपल्या वर्गासमोर तिने त्याला टेबलापाशी उभं केलं. "सरांना मांडणी तपासायला बोलावलंय. मोठ्याने वाचा, सर. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

त्याने वाचलं. चारशे सत्तर, पन्नास. चारशे सत्तर, पन्नास. चारशे सत्तर, पन्नास. काटा छत्तीसवर. "ठीक आहे," तो म्हणाला, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी "नक्की ना, सर?" असं विचारलं. अख्खं गाव ती गोष्ट जाणून होतं. पोरं खदखदून हसली. अदेमारचे कान लाल झाले, पण तो गेला नाही. बेसिनपाशी जाऊन उभा राहिला आणि भिंत पांढरी होताना त्याने पाहिलं. नेलिदाने एकदा बोट वर केलं. त्याने मीटर नेऊन दिला.

याने तो बदलला असं म्हणता येणार नाही. हेवा काही गेला नाही. निवृत्त झाला त्या समारंभात त्याच्यासाठी तीन भाषणं झाली, आणि घरी येताना तो म्हणाला, "तुझ्या वेळी वीस होतील." फक्त आता तो हे बोलून दाखवायचा. जेवताना, चालताना, मध्येच सांगायचा, "आज मला तुझा हेवा वाटला," आणि ती विचारायची, "कशावरून?" मग तो अगदी तपशिलात सांगायचा, फळ्यावर उदाहरण सोडवावं तसं.

परवा चौकात यानिना भेटली. आता ती स्वतः दुसऱ्या गावात पदार्थविज्ञान शिकवते. कडेवर मूल होतं. ती नेलिदाच्या गळ्यात पडली, बाई बाई करत किती वेळ बोलत राहिली, मनगटावरचा जुना डाग बघून तिने त्यावरून बोट फिरवलं. अदेमार बाजूला बाजारहाटाची पिशवी घेऊन उभा होता. शेवटी तिचं लक्ष गेलं.

"सर, तुम्ही कसे आहात?"

"बरा आहे," अदेमार म्हणाला. "आत्ता जरा कमी."

यानिनाला कळलं नाही. नेलिदाला कळलं. तिने पिशवीचा एक बंद आपल्या हातात घेतला, आणि दोघं घराकडे निघाली. वाटेत त्याने सांगायला सुरुवात केली.